भिंतीतलं चीवर

"आभार मानतोस ते ठीक, पण कोणाचे?" भंतेंनी विचारलं.

"तुमचे, भंते. त्रिरत्नांचे. आमची आम्रपाली वाचली."

"मी तं इथंच होतो," भंते म्हणाले. "चिखल तुडवत."

आणि ते पुन्हा चिखल तुडवू लागले.

वैनगंगेच्या काठी, गावापासून दोन कोसांवर ही कुटी. भिंती मातीच्या, वर कौलं. भंते रक्खित इथं पन्नास वर्षं राहतात. वय ऐंशीच्या घरात, दात चार, आणि तेही एकमेकांशी न बोलणारे.

डॉक्टर शिरीष गजभियेंना लहानपणी पंचशील त्यांनीच शिकवलं. पुढे शिरीष मोठे झाले. जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्ततपासणीचे प्रमुख झाले. मग त्यांना शिकवण्यासारखं कोणाजवळ काही उरलं नाही. तरी भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की ते दरवर्षी गाडी काढून दान द्यायला यायचे, नमस्कार करायचे आणि तासाभरात परत जायचे.

या वर्षी मात्र ते मनापासून आले होते. मुलगी आम्रपाली बाळंतपणात मरणाच्या दारात जाऊन परत आली होती. नातू सतरा दिवसांचा होता. डोळे भरून येत होते आणि ते सारखे चष्मा पुसत होते.

"दान गाडीत आहे, भंते. आणू?"

"घाई काय? ते भगदाड पाहा."

उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात भगदाड पडलं होतं. म्हशीचं डोकं सहज आत जाईल एवढं.

"हात लावतोस?"

डॉक्टरांनी बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. भंते घागर घेऊन हातपंपाकडे गेले.

डॉक्टर चिखलाजवळ बसले आणि पाहतच राहिले. चिखलात चिंध्या होत्या. फिक्या, तांबूस, कुजकट. कुठं बोटभर, कुठं नुसती सुतं.

आता रक्ततपासणीच्या माणसाला कचरा दिसला की राहवत नाही. डॉक्टरांनी एकेक चिंधी वेचली. सुतं चिमटीत धरून ओढून काढली. बाजूला नीट ढीग केला. चिखल मळून मळून लोण्यासारखा मऊ केला आणि भगदाडात भरायला घेतला.

भंते आले. त्यांनी ढीग पाहिला...

घागर ठेवून उंबऱ्यावर बसले.

"सांग," ते म्हणाले. "पोरगी कशी वाचली?"

"औषधांनी, भंते. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पोटरीपासून मांडीपर्यंत. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर... संपलंच होतं. वेळेवर औषध सुरू झालं."

"औषध कोणी सांगितलं?"

"वॉर्डातल्या डॉक्टरांनी."

"त्यांना कोणी सांगितलं पाय पाहा म्हणून?"

डॉक्टरांनी भिंतीवर चिखलाचा एक गोळा थापला.

"एक चिठ्ठी होती. रिपोर्टाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहिलेली."

"चिठ्ठीले हात होते का रे?"

डॉक्टर आणखी चिखल उचलायला वाकले.

तेवढ्यात भिंतीवरचा सगळा गोळा सरकला आणि धप्पकन खाली पडला.

"ओला झाला असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्यात थोडी कोरडी माती मिसळली आणि पुन्हा थापला.

"चिठ्ठी," भंतेंनी आठवण दिली.

"नंदेश्वरबाईंनी लिहिली होती. वत्सला नंदेश्वर, आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. बत्तीस वर्षं नोकरी झाली त्यांची. साहेबांची मुलगी म्हणून रक्त काढायला स्वतः वॉर्डात गेल्या. रक्त सुईतच गोठायला लागलं. पाय सुजलेला दिसला. खाली येऊन त्यांनी काच भिंगाखाली पाहिली तर पांढऱ्या पेशींची नुसती जत्रा भरलेली. मग त्यांनी लिहिलं, 'पांढऱ्या पेशी फार आहेत, रक्त सुईत धरते, पाय बघावा.'"

"बाई हुशार."

"भंते, तो त्यांचा अधिकार नव्हता! पेशी मोजायच्या, आकडा लिहायचा, सही करायची. बस्स. निदान डॉक्टरांनी करायचं. मी स्वतः तो आकडा पाहिला होता. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे संसर्ग, बाळंतपणातला ताप. तेवढंच. रक्त गोठण्याशी त्यांचा काय संबंध? गोठवण्याचं काम प्लेटलेट्सचं. पहारा देण्याचं काम पांढऱ्या पेशींचं. एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नसतं. असंच शिकलो आम्ही, असंच शिकवलं."

"मग बाईले काय म्हणालास?"

"..."

"शिरीष."

"ताकीदपत्र दिलं. त्याच दिवशी. चिठ्ठी वॉर्डात पोचायच्या आधी."

दुसऱ्यांदा गोळा पडला. या वेळी डॉक्टरांच्या पायावर.

चुकलो हा शब्द डॉक्टर माणसाच्या घशातून लवकर येत नाही. मातीवर मात्र त्याला लगेच रागावता येतं.

"ही मातीच खराब आहे, भंते! किती मळली. एक खडा ठेवला नाही, एक काडी ठेवली नाही."

"हो," भंते म्हणाले. "स्वच्छ आहे. फार स्वच्छ आहे."

ते उठले. गुडघे कुरकुरले. बाजूचा चिंध्यांचा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि परत चिखलात टाकला. मग ते त्यावर उभे राहून तुडवू लागले.

डॉक्टर पाहत राहिले.

"कसल्या चिंध्या आहेत या?"

"माझं चीवर."

"...तुमचं?"

"अकरा वर्षं अंगावर होतं. थंडी अडवली, ऊन अडवलं, डास अडवले. त्यासाठीच असते चीवर. मग विरलं तं अंथरलं. अंथरून फाटलं तं पाय पुसले. तेही झालं तं कापून चिखलात. आमच्यात असंच करतात, पहिल्यापासून. फेकायचं नाही." त्यांनी टाचेनं एक चिंधी आत दाबली. "नुसती माती भिंतीले राहत नाही, बापा. तिले धरायले काहीतरी लागते."

डॉक्टरांनी तो चिखल उचलला. आता तो हाताला खडबडीत लागत होता. सुतं बोटांत अडकत होती. त्यांनी भगदाडात एक थर भरला. वाट पाहिली.

थर जागचा हलला नाही.

त्यांनी दुसरा भरला. तोही राहिला. तिसरा भरताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"भंते... गेल्या आठवड्यात मी वाचलं."

"काय?"

"पांढऱ्या पेशींबद्दल. दहा-पंधरा वर्षांपासून छापून येतंय. मीच वाचलं नव्हतं. मला वाटलं, मला माहीत आहे."

भंते तुडवत राहिले.

"जखम होते, जंतू आत घुसतात. तेव्हा काही पांढऱ्या पेशी धावत येतात आणि तिथंच फुटतात. स्वतःच्या आत गुंडाळून ठेवलेला धागा बाहेर फेकतात. डीएनए. पेशीचं सगळं असणं त्या धाग्यात असतं, भंते. तोच उसवून टाकतात. त्याचं जाळं होतं. जंतू त्यात अडकतात. आणि मग प्लेटलेट्स त्याच जाळ्याला चिकटतात, तांबड्या पेशी त्यालाच धरून बसतात. रक्त थांबतं. आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी आहेत, त्या तर गोठण्याची सुरुवातच करून देतात. आणि मी पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगतोय, यांचा काय संबंध!"

"मग त्या फुटलेल्या पेशीचं काय होते?"

"बहुतेक वेळा... मरते."

भंते थांबले. चिखलात उभ्या उभ्या त्यांनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही. समोर तर भिंतच होती.

डॉक्टरांना मात्र ते सहन होईना.

"पण भंते, हात कशाला जोडायचे? त्याच पेशींनी माझ्या पोरीच्या पायात गुठळी केली. त्यांनीच तिला मारायला काढलं होतं!"

भंतेंनी वर बोट दाखवलं. छपराखाली, भिंतीत एक छोटा झरोका होता. त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या.

"मागच्या वर्षी गावातले लोक भिंत लिंपायले आले. भारी श्रद्धा. एवढं लिंपलं, एवढं लिंपलं, की झरोकाच बुजवून टाकला. महिनाभर दिव्याच्या धुरानं मी खोकलो."

"मग?"

"मग काय? दोन दिवस चिखलाले शिव्या दिल्या."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी झरोका फोडला. भिंत नाही फोडली."

डॉक्टरांना हसू आलं. मग ते हसू ओठांवरच विरलं. ते तिथंच, चिखलात, फतकल मारून बसले.

"भंते... बाळ झालं तेव्हा वार सुटली. आत केवढी मोठी जखम असते ती. शेकडो उघड्या शिरा. गर्भाशय आवळलं नसतं, रक्त धरलं नसतं, तर ती पहिल्या तासातच गेली असती. तिथंही याच पेशी होत्या. तेव्हा यांनीच वाचवलं तिला. मी त्या तासाचा विचारच केला नाही. मी नातवाचा फोटो काढत होतो."

त्यांचा आवाज फुटला. या माणसाला रडताना भंतेंनी पंचेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

मग डॉक्टर म्हणाले, "उद्या नंदेश्वरबाई निवृत्त होतात. ते ताकीदपत्र त्यांच्या सेवापुस्तकात लागायचं आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं शेवटचं पान."

"मागे घे."

"घेता येतं. पण लेखी कारण द्यावं लागतं."

"काय कारण आहे?"

"मी चुकलो."

"दोन शब्द झाले," भंते म्हणाले. "त्यासाठी एवढं पेट्रोल जाळलंस?"

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. बोटांचा चिखल काचेवर उमटला. तीनदा चुकीचा नंबर दाबला गेला. चौथ्यांदा लागला. हात बरबटलेले म्हणून त्यांनी फोन उंबऱ्यावर ठेवून स्पीकरवर टाकला.

"हॅलो, सर?" पलीकडून बाईंचा आवाज आला. आवाजात घाबरेपणा होता. "आम्रपाली बरी आहे ना जी?"

"बरी आहे, बाई."

"आणि लेकरू? दूध पेते का बरोबर?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"सर?"

"पितं, बाई. चांगलं पितं." त्यांनी दंडाला डोळे पुसले, तर गालालाच चिखल लागला. "बाई, मी चुकलो. तुमच्यामुळे माझी मुलगी जिवंत आहे. मी तुम्हाला धन्यवाद म्हटलं नाही. वर ते पत्र... दोन आठवडे झाले, मी रोज तुमच्यासमोरून जातो आणि फाइल बघितल्यासारखं करतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मी पाहिलं होतं, सर. तुम्ही फाइल उलटी धरत होते."

भंते खुदकन हसले.

"बाई, ते पत्र मी उद्या मागे घेतो."

"नाही, नाही, सर. राहू द्या न! मी तं परवापासून घरीच आहो. मले काय त्याचं? पेन्शन थोडीच अडते. तुम्ही लेखी द्यान तं सगळीकडे फिरन ते. एवढं चांगलं नाव तुमचं, कायले खराब करता? तुम्ही बोलले, पोचलं मले. पोरीले जपा."

आणि बाईंनी फोन ठेवला.

डॉक्टर कितीतरी वेळ त्या फोनकडे पाहत होते. छाती हलकी झाली होती. इतकं बरं त्यांना मुलगी धोक्याबाहेर आली तेव्हाच वाटलं होतं. एका माणसानं आपल्या लेकीचा जीव वाचवावा, वर आपलीच अब्रू झाकायला पुढे यावं... याला काय म्हणावं, त्यांना कळेना.

मग हळूच त्यांच्यातला साहेब जागा झाला. साहेब लोक फार वेळ झोपत नाहीत.

"भंते, बाईच म्हणाल्या, राहू द्या."

"ऐकलं."

"त्यांचं मन मोडायचं का? तोंडी तर मी सांगितलंच. त्यांना पोचलं. आणि खरंच... पंचवीस वर्षांत माझ्या नावावर एक रेघ नाही. वरिष्ठांकडे जाईल, चौकशी होईल. विद्यार्थी वाचतील. त्यानं बाईंना तरी काय मिळणार?"

भगदाडातला शेवटचा थर भंतेंनी तळव्यानं सारखा केला. नदीकडून बगळ्यांचा आवाज आला. एक चिंधी वर डोकावत होती. ती त्यांनी तशीच राहू दिली.

"भंते?"

"..."

"काहीतरी बोला."

"दान आणलं म्हणत होतास. आण."

डॉक्टर गाडीकडे गेले. परत आले ते चिखलानं भरलेले हात लांब धरून, दोन मनगटांत पाकीट अडकवून. आत चीवर होतं. नवं कोरं, नागपूरहून मुद्दाम मागवलेलं, घडीवर घडी.

भंतेंनी हात धुतले. पंच्याला पुसले. पाकीट उघडून चीवर मांडीवर पसरलं. कापडावरून तळवा फिरवला. तोंडातल्या तोंडात गाथा म्हटली. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "बाळाचं मंगल होवो. त्याच्या आईचं होवो. बाईंचं होवो."

"साधु, साधु, साधु," डॉक्टर म्हणाले. "घाला ना, भंते. मला बघू द्या."

"असं कोरं नाही घालता येत. आमच्यात नव्या चीवरावर आधी एक डाग लावा लागते."

"का?"

भंतेंनी डॉक्टरांचा उजवा हात धरला. अंगठ्यावर चिखल ओला होता. तो अंगठा त्यांनी चीवराच्या कोपऱ्यावर टेकवला आणि वरून दाबला.

"भंते! कोरं आहे ते!"

भंतेंनी हात सोडला नाही.

अंगठा उचलला तेव्हा त्या स्वच्छ कापडावर चिखलाचा गोल ठसा उमटला होता. बोटावरच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या.

डॉक्टर घाईनं खिशातला रुमाल काढू लागले. "ओलं आहे तोवर पुसतो. निघून जाईल."

"राहू दे," भंते म्हणाले, आणि चीवर खांद्यावर घेतलं. "आता घालण्यासारखं झालं."